मधल्या सुट्टीची शिदोरी

संध्याकाळी मूल शाळेतून घरी येते. दप्तर कोपऱ्यात पडते, पाण्याची बाटली पलंगाखाली जाते, आणि डबा तेवढा दप्तरातच राहतो. तो काढावा लागतो आईला, आजीला, किंवा त्या दिवशी घरी असेल त्या वडील माणसाला. झाकण उघडण्याचीही गरज नसते. डबा हाती घेतला की वजनावरूनच कळते. सकाळी घातलेल्या दोन पोळ्यांपैकी दीड परत आलेली असते, तिच्या कडा वाळून वर वळलेल्या असतात, आणि बटाट्याच्या भाजीला आंबूस वास सुटलेला असतो. मग जाबजबाब सुरू होतात. “वेळच मिळाला नाही”, “भूक नव्हती”, “मी नंतर खाणार होतो”. ही उत्तरे सबबी म्हणून झटकून टाकण्याची घरोघर रीत आहे. वस्तुतः त्यांत बरेच तथ्य असते, आणि डब्याचा विचार त्यांच्यापासूनच सुरू करणे सोयीचे पडते.

सकाळची शाळा सातला भरत असेल, तर डबा सहाच्या आसपास भरला जातो आणि दहा-साडेदहाला उघडतो. दुपारच्या शाळेतही भरणे आणि उघडणे यांत तीन-चार तासांचे अंतर पडतेच. मधली सुट्टी पुष्कळ ठिकाणी वीस ते तीस मिनिटांची. तेवढ्यात नळावर रांग लावून हात धुवायचे, बसायला जागा शोधायची, झाकण उघडायचे, खायचे, आणि पुन्हा खेळायचेही असते. सात-आठ वर्षांच्या मुलाला खेळ आणि जेवण यांत निवड करायला लावली, तर ते काय निवडील हे सांगायला मानसशास्त्र शिकण्याची आवश्यकता नाही. शिवाय घरच्या ताटावर जी साधने हाताशी असतात, त्यांपैकी एकही येथे नसते. पोळी गरम नसते, वरून तूप वाढणारे कोणी नसते, भाजी तिखट झाली तर दह्याची वाटी पुढे सरकत नाही. सकाळी तव्यावरून उतरताना मऊसूत असलेली पोळी वाफेने आधी ओली होते, मग वातड होते. पातळ भाजीचा रस झाकणाच्या फटीतून वह्यांपर्यंत पोहोचतो. ताटात जे शोभते तेच थोडे कमी करून डब्यात भरले की काम झाले, ही समजूत येथे फसते. डबा ही ताटाची लहान प्रत आहे असे मानण्यापेक्षा ती शिदोरी आहे असे मानले, तर पुष्कळ गोष्टी आपोआप सुटतात.

शिदोरी म्हणजे वाटेत, थंड झाल्यावर, हातावर घेऊन खायचे अन्न. ज्यांना शेतावर, बाजाराला, यात्रेला जावे लागे, त्यांनी हा प्रश्न फार पूर्वी सोडवून ठेवला आहे. महाराष्ट्रातली दशमी घ्या. पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवायचे, एवढाच तिच्यात फरक. दुधात भिजवलेल्या पिठाला सोवळ्या-ओवळ्याची बाधा होत नाही, अशी जुन्या लोकांची समजूत होती आणि प्रवासात ती सोयीची होती. त्या समजुतीला आज फारसे कोणी विचारीत नाही. पण दुधातल्या स्निग्धांशामुळे दशमी दुसऱ्या प्रहरीही मऊ राहते, हा गुण काही कमी झालेला नाही. गुजरातेतला थेपला याच तत्त्वावर उभा आहे. कणकेत मेथी, हळद, तीळ, आणि पाण्याच्या जागी दही व तेलाचे मोहन. तेलाचा लेप पिठाच्या कणांना बसला की पोळी वातड होत नाही, आणि दह्याच्या आंबटपणामुळे ती लवकर बिघडत नाही. बिहारमध्ये भाजलेल्या हरभऱ्याचा सातू भरून लिट्टी किंवा पराठा करतात. सारण आधीच भाजलेले व कोरडे असल्यामुळे त्याला पाणी सुटत नाही.

दक्षिणेकडे या शास्त्राची हातोटी काही औरच. दहीभात डब्यात द्यायचा असेल, तर तिकडची जाणती गृहिणी त्यात दही भरपूर घालीत नाही. मऊ शिजवलेला भात कोमट झाला की ती त्यात दूध कालवते आणि विरजणापुरते चमचाभर दही घालते. शाळेची घंटा होईपर्यंत डब्यातल्या डब्यात त्याचे दही लागते, आणि मुलाच्या पुढ्यात येतो तो आंबट न झालेला, ताजा दहीभात. इडलीचेही तसेच. ओल्या नारळाची चटणी उन्हाळ्यात दोन-तीन तासांत उतरते. म्हणून डब्यातल्या इडलीला डाळी आणि मिरची भाजून केलेली कोरडी पूड तिळाच्या तेलात कालवून माखतात. पूड डाळीची असल्यामुळे पोषण वाढते, तेलामुळे इडली सुकत नाही, आणि सांडण्यासारखे काही उरत नाही. मराठी घरांत शेंगदाण्याची, तिळाची, जवसाची किंवा कारळ्याची चटणी हेच काम करू शकते. ती करतेही, फक्त तिला ताटाची डावी बाजू सोडून डब्याच्या मध्यभागी येण्याची संधी क्वचितच मिळते.

डबा नीट टिकला, आवडीने खाल्लाही गेला, तरी त्यात मुलाच्या अंगी लागेल असे किती होते, हा प्रश्न राहतोच. याला एक हिशेबी उत्तर उपलब्ध आहे, आणि ते सरकारी पाकशाळेतून आलेले आहे. १९५६ साली के. कामराज मुख्यमंत्री असताना मद्रास राज्यात शाळेतल्या मुलांना दुपारचे जेवण देण्याची योजना व्यापक प्रमाणावर सुरू झाली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्र सरकारने देशभरासाठी कार्यक्रम आखला. परंतु अनेक राज्यांत तो कोरडे धान्य वाटण्यापुरता राहिला. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्नच दिले पाहिजे असा आदेश दिला, आणि योजनेला खरे रूप आले. २०२१ पासून ती ‘पीएम पोषण’ या नावाने ओळखली जाते. तिच्या नियमाप्रमाणे प्राथमिक शाळेतल्या मुलाला एका जेवणातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत. सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने. त्यासाठी धरलेले प्रमाण पहिल्या गटाला १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल असे आहे.

हे आकडे घरच्या डब्याला लावून पाहिले, म्हणजे थोडा धक्का बसतो. दोन मध्यम पोळ्यांना साधारण ६० ग्रॅम कणीक लागते. तीतून दोनशे कॅलरी आणि सुमारे सात ग्रॅम प्रथिने मिळतात. सोबत बटाट्याची भाजी असेल, तर पोट भरते, कॅलरी वाढतात. पण प्रथिनांची बेरीज आठ-नऊच्या पुढे सरकत नाही. बटाट्याऐवजी मूठभर मटकी मोड आणून तिची कोरडी उसळ केली आणि कडेला शेंगदाणे व गूळ यांचा छोटा लाडू ठेवला, तर तीच बेरीज पंधराच्या वर जाते आणि कॅलरीही साडेचारशे ओलांडतात. खर्चात फारसा फरक पडत नाही. महागडी पूडमिश्रणे दुधात घालून मुलांची उंची वाढवू पाहणाऱ्या पालकांनी ही साधी बेरीज एकदा कागदावर करून पाहावी.

धान्य आणि कडधान्य एकत्र का घ्यावे, यालाही कारण आहे. प्रथिने ज्या घटकांची बनतात, त्यांपैकी लायसिन हा घटक गहू, तांदूळ, ज्वारी यांत कमी असतो आणि डाळींत भरपूर. उलट मेथिओनिन डाळींत कमी आणि धान्यांत पुरेसा. एकमेकांची उणीव एकमेकांनी भरून काढावी, अशी ही जोडी आहे. थालीपिठाची भाजणी करणाऱ्या आजीने हे शब्द कधी ऐकले नसतील. पण ज्वारी, बाजरी, तांदूळ यांच्याबरोबर हरभऱ्याची डाळ आणि उडीद भाजून एकत्र दळताना तिने नेमके हेच केलेले असते. भाजणीचे थालीपीठ थंड झाल्यावरही चवीला उतरत नाही. त्याचे लहान, तळहाताएवढे तुकडे थापले आणि मध्ये लोण्याचा गोळा न ठेवता पिठातच थोडे तेल घातले, तर डब्यासाठी याहून चांगला पदार्थ शोधावा लागेल.

लोहाकडे मात्र मुद्दाम लक्ष पुरवावे लागते. २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात पाच ते नऊ वर्षे वयाच्या मुलांपैकी सुमारे २४ टक्के आणि किशोरवयीनांपैकी सुमारे २८ टक्के मुले रक्तक्षयी आढळली. अशी मुले आजारी दिसतातच असे नाही. ती वर्गात पेंगतात, लवकर दमतात, आणि शिक्षक त्यांना आळशी म्हणतात. पालेभाजी, कडधान्ये, बाजरी यांत लोह आहे. पण वनस्पतिजन्य लोह शरीरात सहजासहजी शोषले जात नाही. त्याला क जीवनसत्त्वाची सोबत लागते. उसळीवर पिळलेले लिंबू किंवा डब्याच्या झाकणात ठेवलेली पेरूची फोड हे काम करते. मोड आणल्याने कडधान्यातला लोह अडवून धरणारा अंश कमी होतो, हा आणखी एक लाभ. शाळेत निघताना किंवा जेवणाबरोबर कपभर चहा देण्याची सवय मात्र या सगळ्यावर पाणी पाडते. चहातले तुरट द्रव्य लोहाला बांधून ठेवते. कॅल्शियमच्या बाबतीत नाचणीचा क्रम वरचा आहे. १०० ग्रॅम नाचणीत ते साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असते, आणि तितक्याच गाईच्या दुधात सुमारे १२०. नाचणीचे धिरडे किंवा गूळ घातलेला लाडू मुले खातात. आंबील मात्र डब्यात देऊन उपयोगी नाही.

आता आवडीचा प्रश्न. मुलांना गोड आवडते, तळलेले आवडते, हे खरे असले तरी अपुरे आहे. त्यांना हाती धरता येईल असे, एका घासात मावेल असे, आणि कुरकुरीत किंवा मऊ यांपैकी काहीतरी निश्चित असलेले अन्न आवडते. मध्येच तोंडात येणारी मोहरी, कढीपत्त्याचे पान, मिरचीचा तुकडा यांनी घास थांबतो आणि डबा बंद होतो. पोळीत भाजी गुंडाळून तिचे दोन तुकडे केले, तर तीच भाजी संपते. काकडीचे जाड काप उरतात, लांब बोटांसारखे तुकडे उरत नाहीत. असे का व्हावे हे मुलांनाच ठाऊक.

भाजी पिठात दडवून खपवण्याची युक्ती अनेक आया करतात. मेथी, दुधी, बीट किसून कणकेत मळले की मूल कुरकुर न करता खाते. वेळ निभावून नेण्यास ही युक्ती चांगली आहे. परंतु तिच्यावरच भिस्त ठेवली, तर मुलाची मेथीशी ओळख कधी होत नाही. बालआहाराच्या अभ्यासकांना असे आढळले आहे की, एखादी नवी चव मुलाला आपली वाटू लागेपर्यंत ती आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही अधिक वेळा, त्याच्या पुढ्यात यावी लागते. दोनदा नाकारले म्हणून पडवळ त्याला ‘आवडत नाही’ असा शेरा मारून मोकळे होणे घाईचे आहे. मात्र ही पहिली ओळख डब्यात करून देऊ नये. ती रविवारी घरच्या पानात व्हावी, थोडीशी, आग्रह न करता. डब्यात परिचितांनाच प्रवेश असावा. उपाशी राहण्याचा धोका तेथे मुलाला एकट्याने पत्करावा लागतो.

मुलाचा या कामात हात असला तर आणखी चांगले. आठवड्याचा बेत त्याच्यावर सोपवून चालणार नाही; तसे केले तर पाचही दिवस एकच पदार्थ येईल. परंतु “उद्या मुगाचे धिरडे की मटकी?” एवढे विचारता येते. ज्याने आदल्या रात्री मटार सोलले, त्याला सकाळच्या मटारभातात आपला वाटा दिसतो.

डबा उघडतो तो एकट्या मुलासमोर नाही, सगळ्या वर्गासमोर. येथे एक अवघड जागा आहे आणि मोठ्यांच्या ती फारशी ध्यानात येत नाही. नोकरीनिमित्त दिल्लीला, कलकत्त्याला किंवा बंगळूरला गेलेल्या मराठी घरातली चौथीतली मुलगी बाजरीची भाकरी आणि झुणका घेऊन शाळेत जाते. शेजारची मुले डब्यात डोकावतात, काळसर भाकरीकडे पाहून नाक मुरडतात, कोणीतरी हसते. ती मुलगी घरी येऊन काहीच सांगत नाही. दुसऱ्या दिवसापासून भाकरी कचऱ्याच्या पेटीत जाऊ लागते, डबा रिकामा परत येतो, आणि आईला वाटते, मूल आता नीट जेवू लागले. पुण्या-मुंबईच्या शाळांतूनही हे घडते. तेथे हसणारी मुलेही मराठीच असतात. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले, आणि तीच बाजरी, तीच नाचणी चकचकीत वेष्टनात भरून महाग भावाने दुकानांत मांडली गेली. तिच्या डब्यातली भाकरी मात्र त्यामुळे लगेच प्रतिष्ठित झाली असे नाही.

यावर उपाय भाकरी बंद करणे हा एक आहे, आणि तो सोपा आहे. दुसरा थोडा कष्टाचा आहे. भाकरीऐवजी बाजरीच्या, तीळ लावलेल्या लहान वड्या किंवा कापण्या डब्यात जाव्यात, आणि एकीला पुरतील त्याहून चार अधिक जाव्यात. ज्या पदार्थाची चव शेजारणीने घेतली, त्याला ती दुसऱ्या दिवशी हसत नाही. उलट तो मागते. गोकुळातल्या सवंगड्यांनी आपापल्या शिदोऱ्या एकत्र करून काला केला, तो प्रसंग गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी दरवर्षी स्मरला जातो. कोणाच्या घरचे काय आले हे त्या काल्यात वेगळे उरत नाही. शाळेतल्या काल्याला मात्र थोडी सावधगिरी हवी. एखाद्या मुलाला शेंगदाणे किंवा अंडे सोसत नाही, एखाद्या घरी कांदा-लसूण वर्ज्य असतो. आपल्या मुलाला काय चालत नाही हे त्याला नीट सांगितलेले असावे, आणि दुसऱ्याने नको म्हटले तर आग्रह करू नये हेही.

या सगळ्यापेक्षा सोपा मार्ग दुकानात टांगलेला असतो. पाच-दहा रुपयांत वेफर्स, क्रीमची बिस्किटे किंवा केक मिळतो. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२० साली केलेल्या नियमांप्रमाणे जादा मेद, साखर आणि मीठ असलेले पदार्थ शाळेत आणि शाळेच्या आवाराबाहेर ५० मीटरपर्यंत विकण्यास मनाई आहे. नियम चांगला आहे; पण तो विक्रीपुरता आहे, आणि घरून दप्तरात आलेल्या पुडीला तो अडवू शकत नाही. ती पुडी घालणाऱ्या आईला दोष देणेही न्यायाचे होणार नाही. पहाटे पाचला उठून पाणी भरायचे, सर्वांचे डबे करायचे, आणि आठची गाडी गाठायची, अशा बाईला पौष्टिक आहाराचे धडे देणाऱ्यांनी आधी घरातल्या इतरांचे हात मोजावेत. मटकी भिजत घालणे, मेथी निवडणे, कणीक मळून ठेवणे, चटणी कुटणे ही कामे आदल्या रात्री होऊ शकतात, आणि ती वडिलांनी केली तर चवीत उणेपणा येत नाही. आठवड्यातला एखादा दिवस पोहे किंवा उपमा यांवर निभावला म्हणून काही बिघडत नाही. पोह्यांत शेंगदाणे आणि मटार पडले, वर लिंबू पिळले, की तोही डबा पुरा आहे.

भांड्याविषयी दोन शब्द. पितळी डब्यांच्या काळात कल्हई उडाली की आंबट पदार्थ कळकत, म्हणून चिंच-दही डब्यातून वर्ज्य होते. पोलादी डब्याने ती भीती घालवली. पण पदार्थ वाफाळता असतानाच झाकण लावण्याची चूक अजून सर्रास होते. वाफेचे पाणी झाकणाला धरते, खाली ठिबकते, पदार्थ ओला होतो, आणि ओलसर ऊब ही सूक्ष्मजंतूंना फार मानवते. ताटलीत पसरून, निववून मग भरलेला डबा अधिक टिकतो. रात्री उघड्यावर राहिलेला भात सकाळी फोडणीला टाकून डब्यात देऊ नये. त्यात वाढणाऱ्या एका जातीच्या जंतूचे विष पुन्हा परतल्यानेही नाहीसे होत नाही. आणि एक गोष्ट इतकी साधी आहे की ती कोणाला सुचतच नाही. डबा आणला की तो बंद करून मुलाच्या हाती द्यावा आणि उघडायला सांगावे. सांडू नये म्हणून घट्ट झाकणाचा, चार कड्यांचा डबा आणला जातो. सहा वर्षांच्या बोटांना त्या कड्या उघडत नाहीत, बाईंना सांगायची लाज वाटते, आणि ते मूल महिनाभर अर्धपोटी राहते.

म्हणून संध्याकाळी डबा घासायला टाकण्यापूर्वी त्यात क्षणभर पाहावे. भाजी संपली आहे आणि पोळी उरली आहे, तर ती वातड झाली असणार. उद्या दशमी करून पाहावी. पोळी संपली आणि उसळ राहिली, तर ती तिखट झाली असेल, नाहीतर चमचा द्यायचा राहिला असेल. फळाच्या फोडी काळ्या पडून आल्या असतील, तर त्यांना लिंबू लावायचे राहिले होते. आणि कधी एखाद्या दिवशी सगळे कप्पे स्वच्छ असतात, बाजरीच्या वड्यांचा चुरासुद्धा उरलेला नसतो, आणि डब्याच्या एका कोपऱ्याला घरी कधीच न केलेल्या, तिळाच्या तेलात कालवलेल्या लाल पुडीचा डाग लागलेला असतो.